नवीन असेल तरच

आमच्या ऑफिसातल्या एका फाइलच्या डोक्यावर पाटी होती: "ही फाइल अनेक ठिकाणी वापरली जाते. हात लावण्यापूर्वी विचारावे. विचारल्यास 'नको' असेच उत्तर मिळेल."

पाटी लिहिणारे आमचे सर, अस्सल पुणेकर. लोक दुकानाच्या दारावर लावतात त्या पाट्या ह्यांनी कॉम्प्युटरच्या फायलींना लावल्या, एवढाच काय तो फरक. मी वऱ्हाडातली. आमच्याकडे 'नाही' म्हणायचं असलं तरी आधी बसा म्हणतात, चहा पाजतात, मग तासाभराने नाही म्हणतात. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ती पाटी वाचली आणि असा राग आला म्हणून सांगू! तो राग मी दोन वर्षं लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता.

ऑफिस कर्वेनगरात, एका पोळी-भाजी केंद्राच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, आठ माणसं, आणि बाराच्या सुमाराला जिन्यातून वर येणारा फोडणीचा वास. शहरातल्या लहानसहान संस्थांची, क्लासांची, दवाखान्यांची मशिनं, म्हणजे कॉम्प्युटर, आम्ही सांभाळतो. नवीन मशीन आलं की त्याची तयारी कुणी हाताने करत बसत नाही. सूचना एका फाइलीत लिहून ठेवलेल्या असतात. ती फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, चालवली की एकेक सूचना पाळत मशीन तयार होतं. आणि एकच सूचना दहा ठिकाणी लागत असेल तर ती दहादा लिहायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. एकदाच लिहायची आणि बाकीच्या फायलींनी ती तिथून बोलावून घ्यायची. पाटीवाली फाइल ही अशी सगळ्यांनी बोलावलेली. तिच्यात नव्या मशीनसाठी सात कामं होती. मशीनला नाव देणं, घड्याळ बरोबर लावणं, काही बिघडलं तर आम्हाला मेसेज येईल अशी सोय करणं, रोज सगळ्याची एक प्रत काढून दुसरीकडे ठेवणं, आणि अशीच आणखी तीन.

मला एक खोड आहे. एखादी गोष्ट आहे तशी का आहे, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. लहानपणी ह्याच खोडीपायी घरातलं शिलाई मशीन उघडून बसले होते आणि आईचा धपाटा खाल्ला होता. तर मला प्रश्न असा पडला, की बाकी सगळीकडे सरांनी फायली 'इम्पोर्ट' केल्यात आणि ह्या एकाच फाइलीला 'इन्क्लूड' का केलंय?

दोन्हींत फरक फार नाही, असं तेव्हा मला वाटत होतं. इम्पोर्ट म्हणजे बाजाराला निघण्याआधीच घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या जोडून एक लांबलचक यादी करायची. इन्क्लूड म्हणजे चिठ्ठी तशीच घडी घालून खिशात ठेवायची आणि त्या दुकानापाशी पोचल्यावर उघडायची. इम्पोर्टचा फायदा असा, की आपण काय काय करणार आहोत ते आधीच कागदावर दिसतं. सरांच्या त्या फाइलीपाशी मात्र यादीत एवढंच दिसायचं: आता ती फाइल उघडा. आत काय आहे, ते देव जाणे.

मी तो शब्द बदलला. एकच शब्द, बाकी कशालाही हात लावला नाही. विचारलं का? नाही विचारलं. उत्तर काय मिळणार ते पाटीवर लिहिलेलंच होतं, मग विचारायचं कशाला? सातही कामं यादीत लख्ख दिसायला लागली. सरांनी ती यादी पाहिली आणि म्हणाले, "बरं झालं. आता दिसतंय तरी." मी कसं केलं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्या ऑफिसात ह्याहून मोठं बक्षीस नसतं, त्यामुळे मी त्या दिवशी वारज्याला घरी जाताना उगाचच पेढे घेऊन गेले.

त्यानंतर आम्ही तयार केलेल्या मशिनांत एक होतं बुधवार पेठेतल्या संस्थेचं. ही संस्था अंध मुलांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करते. वाचणारी माणसं येतात, एका छोट्या खोलीत बसून धडे वाचतात, आणि मुलं ते ऐकून परीक्षा देतात. संस्था चालवणाऱ्या ताई स्वतःही अंध आहेत. पन्नाशीच्या असतील. पायरीवरच्या पावलावरून माणूस ओळखतात आणि चुकलं तर "आज चप्पल नवीन घातलीस" असं आपल्यालाच सुनावतात.

नवं मशीन बसवायला गेले त्या दिवशी काम सुरू करायच्या आधी ताईंनी मला खुर्चीत बसवलं आणि कानाला हेडफोन लावले. त्यांच्याकडे नवीन कुणीही आलं, की पहिल्या दिवशी त्याला एक रेकॉर्डिंग ऐकवतात, मग तो वायरमन का असेना. एक जुनं प्रवासवर्णन होतं, बाजारात आता न मिळणारं. एक गृहस्थ घोड्यावरून हिमालयात जातात. वाचणारे आजोबा पोस्टातून निवृत्त झालेले. बावीस भागांत त्यांनी ते वाचून पुरं केलं आणि वर्षभरात गेले. आवाज काही फार गोड नव्हता. पण घाई म्हणून नाही. मध्येच कुठेतरी ते थांबायचे, पाण्याचा घोट ऐकू यायचा, मग स्टीलचा पेला टेबलावर ठेवल्याचा टक्‌ असा आवाज, आणि पुन्हा वाचन सुरू.

"हे पाणी पिण्याचे आवाज काढून टाकले नाहीत का?" मी विचारलं.

"पहिल्यांदा एकाने काढले होते," ताई म्हणाल्या. "मी त्याला परत घालायला लावले."

"का?"

"ऐक आणखी, म्हणजे कळेल." पण मला वेळ नव्हता. मशीन लावलं, जुन्यातलं सगळं नव्यात घातलं, स्क्रिप्ट चालवली, शेवटी 'चुका: शून्य' असं आलं. महिन्याभराने जुनं मशीन आणि त्याच्या जुन्या प्रती नियमाप्रमाणे मोडीत काढल्या. नव्या मशीनची प्रत रोज निघतेच आहे, मग जुनं कशाला ठेवायचं?

चार महिन्यांनी ताईंचा फोन आला. "अगं, तुमच्या मशीनचं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे. रेकॉर्डिंगवर चुकीची वेळ पडतेय."

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अकरा मिनिटांनी पुणं बुडत नाही. लावून टाका घड्याळ आणि जेवायला या."

घड्याळ लावणं हे एका मिनिटाचं काम. पण माझी खोड! घड्याळ लावणं हे सात कामांतलं दुसरं काम. ते तर स्क्रिप्टनेच केलं असणार. मग मागे पडलंच कसं? डबा तसाच ठेवला, एक कोरं मशीन घेतलं आणि त्याच्यावर तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली. ह्या वेळी मात्र शेवटची ओळ बघून उठले नाही, एकेक ओळ वाचत बसले. पहिलं काम झालं. दुसरं: वगळलं. तिसरं: वगळलं. चौथं, पाचवं, सहावं, सातवं: वगळलं. चुका: शून्य.

अगं माय! वगळणं ही चूक नसतेच ना. जुन्या मशीनवर तर ती कामं वगळायचीच असतात, म्हणून 'वगळलं' म्हणणाऱ्या त्या निळ्या ओळी आम्ही इतक्यांदा पाहिल्या होत्या, की डोळ्यांना त्या दिसेनाशाच झाल्या होत्या.

पण नव्या मशीनवर का वगळली? अर्धा तास डोकं खाजवलं आणि मग हसू आलं, मग हसू गेलं. त्या फाइलीला बोलावताना सरांनी एक अट घातली होती: मशीन नवीन असेल तरच. आणि सात कामांतलं पहिलं काम काय, तर मशीनला नाव द्यायचं आणि 'नवीन' ही खूण पुसायची. सरांच्या पद्धतीत ही अट दारातच एकदा विचारली जायची. नवीन आहेस? हो? ये आत. आणि मग सातही कामं ओळीने व्हायची. मी शब्द बदलला आणि फाइल उलगडून तिची यादी केली, तेव्हा ती अट सातही कामांच्या गळ्यात वेगवेगळी पडली. पहिल्या कामाने विचारलं, मशीन नवीन आहे? आहे. नाव दिलं, खूण पुसली. दुसऱ्याने विचारलं, नवीन आहे? नाही. बरं, मग माझं काय काम? तेही गेलं, त्याच्या मागची पाचही गेली.

इतकं नीटस होतं ते, की क्षणभर मला सापडल्याचा आनंदच झाला. मग चौथं काम आठवलं. रोजची प्रत.

शब्द बदलल्यापासून तीन मशिनं तयार झाली होती. दोन तिथल्या तिथे बसून दुरुस्त केली. तिसरं बुधवार पेठेतलं. त्याची प्रत काढायला लावली, तर ती सुरू झाली आणि मध्येच थांबली. पुन्हा लावली, पुन्हा थांबली. डिस्कवरची काही जागा वाचताच येत नव्हती. डिस्क बिघडायला लागली तर मेसेज यायची सोय होती की! ते तिसरं काम होतं.

त्या संस्थेत वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची ह्या जगात आता एकच प्रत होती, आणि ती मरायला टेकलेल्या डिस्कवर होती.

सर जेवून हात पुसत आले. मी सगळं सांगितलं, शब्द मीच बदलला हेही. ओरडतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले, स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पहिल्या दिवशी नाव लिहून घेतलं, 'आता तुम्ही आमचेच' म्हटलं आणि पुढचं काहीच सांगितलं नाही."

"माझंही असंच झालं होतं सर," मी म्हणाले. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, निघालंच तोंडून. "पहिल्या दिवशी कार्ड दिलं, खुर्ची दिली, झाले मी जुनी. पाणी कुठे, जेवायला कुणाबरोबर बसायचं, कुणाला काय विचारायचं, काही नाही. आठ दिवस जिन्यात बसून डबा खाल्ला मी. वर तुमची ती पाटी. 'इन्क्लूड' का लिहिलंय एवढं एका ओळीत लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "इन्क्लूड मी का केलं, ते सहा वर्षांपूर्वी असाच दणका खाऊन कळलं होतं मला. लिहायचं राहिलं. पाटी लिहिणं सोपं होतं." आणि चाव्या उचलत, "आपण आधी निघा. नवीन डिस्क घेऊन मी मागून येतो."

गाडी काढली आणि डेक्कनवरून बुधवार पेठेत पोचले. विषम तारीख होती, आणि जागा मिळाली ती नेमकी सम तारखेच्या बाजूला. म्हटलं, उचलून नेली तर नेऊ दे. गणपतीच्या दर्शनाच्या रांगेतून वाट काढत, वायरी आणि स्पीकर विकणाऱ्या दुकानांमधून जिना चढले.

"पळत आलीस," ताई म्हणाल्या. "घड्याळासाठी कुणी पळत नाही."

मी सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, की प्रत निघतच नव्हती, की चूक माझी आहे, की डिस्क जाते आहे. त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "तरीच. परवा एका मुलीने आजोबांचा चौदावा भाग लावला होता. ते अडखळत होते. ते कधी अडखळायचे नाहीत, खोकला आला तरी वाक्य पुरं करून खोकायचे. मला वाटलं, माझेच कान गेले."

सर डिस्क घेऊन आले. मी समजावलं, की डिस्क जितकी फिरेल तितकी आणखी बिघडेल. जे आधी उचलू ते वाचण्याची शक्यता जास्त, शेवटचं राहील त्याची खात्री नाही. तर आधी काय उचलू?

मला वाटलं, ताई 'आजोबा' म्हणतील. टेबलाच्या कडेवर त्यांचा हात फिरत होता, आजोबा तो पेला ठेवत असत तिथेच. "दहावी-बारावीची पुस्तकं आधी," ताई म्हणाल्या. "परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. मग कॉलेजची. गोष्टींची शेवटी."

"आणि आजोबा?"

"ते गोष्टींतच आले ना."

दुपारभर आम्ही तिघं त्या खोलीत बसलो होतो. आकडे पुढे सरकायचे, अडकायचे, पुन्हा सरकायचे. सर, जे ऑफिसात कुणाला पाणी विचारत नाहीत, खाली जाऊन तीन चहा घेऊन आले. दहावी निघाली, बारावी निघाली. कॉलेजच्या वेळी डिस्क एकदा अशी घरघरली, की ताईंनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. पाचच्या सुमारास प्रवासवर्णन लागलं. एक ते तेरा सरळ आले. चौदा अडला. पुन्हा, पुन्हा, पाच वेळा केलं. शेवटी तो सोडून पंधराला हात घातला, आणि पंधरा ते बावीस सगळे आले.

"चौदा नाही आला," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. एक शब्द बदलला होता मी, यादी छान दिसावी म्हणून.

ताई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "पुस्तक आहे कपाटात. बुधवारी सकाळी ये. तू वाच."

"मी? ताई, माझा हेल वऱ्हाडी आहे. आणि मधोमध माझा आवाज—"

"मुलांना कळलं पाहिजे ना पुढे काय झालं. तेरावरून एकदम पंधरावर कशी जातील?"

मंगळवारी ऑफिसात फाइल उघडली, तर जुनी पाटी गेलेली. त्या जागी सरांनी लिहिलं होतं: "इथे इन्क्लूडच ठेवावे. इम्पोर्ट केल्यास 'नवीन असेल तरच' ही अट प्रत्येक कामाला लागते, आणि पहिलेच काम 'नवीन' ही खूण पुसते. शंका असल्यास विचारावे. उत्तर मिळेल." शेवटचं वाक्य लिहिताना त्यांना किती त्रास झाला असेल, ह्या कल्पनेनेच मला बरं वाटलं. त्या दुपारी ते माझ्या टेबलापाशी डबा घेऊन आले आणि तिथेच बसून जेवले.

बुधवारी त्या छोट्या खोलीत बसले. समोर पिवळी पडलेली पानं, शेजारी पाण्याचा पेला. ताई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. मी वाचायला लागले. पहिली दोन पानं आवाज थरथरत होता, मग लागला. घोडा घेऊन ते गृहस्थ खिंड चढत होते, बर्फ पडत होतं, मी आपली वाचत होते.

"थांब," ताई मध्येच म्हणाल्या. "इथे पाणी."

"मला तहान नाही लागली ताई."

"त्यांनाही नव्हती लागली. पुढची ओळ बघ."

मी डोळे खाली नेले. पुढच्या ओळीत घोडा मरत होता.

मी पेला उचलला. दोन घोट घेतले, सावकाश. मग तो टेबलावर ठेवला, आवाज होईल असा, आणि पुढची ओळ वाचली.